सांकेतिक ताबा

यांच्या निवृत्तीचे पैसे आणि माहेरच्या जमिनीतला माझा वाटा एकाच वर्षी हातात आला. दोन्ही मिळून एखादं घर घ्यावं आणि त्याच्या भाड्यावर म्हातारपण निघावं, इतका साधा विचार होता. एका सकाळी पेपरात बँकेच्या लिलावाची जाहीर सूचना दिसली. कोल्हापूर, मंगळवार पेठ, जुनं दुमजली घर. खाली दोन बिऱ्हाडं, वर एक. राखीव किंमत ४० लाख. त्या भागात तसं घर पन्नासच्या खाली मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. दोन रात्री धड झोप लागली नाही. त्यानंतरच्या आठ महिन्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. त्यातलं कायद्याचं आमच्या वकीलबाईंनी समजावलं. बाकीचं त्या घरात राहणाऱ्या माणसांकडून शिकले.

१. सूचनेतला सगळ्यात मोठा शब्द किमतीच्या रकान्यात नव्हता, ताब्याच्या रकान्यात होता. तिथे बारीक अक्षरांत ‘सांकेतिक ताबा’ असं छापलं होतं. मी तो शब्द वाचून पुढे गेले होते. कर्ज थकलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर कोर्टात दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. हा ताबा दोन प्रकारचा असतो. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामं, कुलूप बँकेचं, किल्ली बँकेकडे. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आणि दोन वर्तमानपत्रांत छापली, एवढंच. आत चूल पेटतेच आहे. सूचनेच्या खाली ‘जसे आहे जेथे आहे’ हेही लिहिलेलं असतं. बँकेच्या हातात जेवढं आहे तेवढंच ती आपल्या हातात देते. तिच्याकडे कागद असेल तर आपल्यालाही कागदच मिळतो, आणि आत राहणाऱ्या माणसांशी कसं वागायचं हा प्रश्न त्या कागदाबरोबर आपल्या घरी येतो.

२. दार वाजवल्याशिवाय बोली लावायची नाही, हे मी त्या घरापाशी उभी राहून शिकले. मालमत्ता पाहण्यासाठी बँकेनं एक दिवस ठेवला होता. आम्ही गेलो तेव्हा गल्लीत सहा-सात जण आधीच आले होते. कुणी दर्शनी भिंत टेपनं मोजत होतं, कुणी फोटो काढत होतं. आत कुणीच जात नव्हतं. बँकेच्या माणसाला मी विचारलं, आत किती जण राहतात? ते म्हणाले, दोन-तीन भाडेकरू असतील. मग मी खालच्या उजव्या दाराशी गेले. दारावरच्या तोरणाखाली बँकेची नोटीस होती आणि तिच्यावर दुधाच्या पिशवीचं स्वच्छ प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवलं होतं. दार उघडलेल्या आजींना मी त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “पावसानं भिजली असती. सरकारी कागद हाय, खराब झाला तर आमच्यावर येईल की.” ती नोटीस त्यांच्या नावाची नव्हती. कर्ज त्यांचं नव्हतं. तरी दोन पावसाळे त्यांनी तो कागद जपला होता. माझ्या डोक्यातली ‘स्वस्तातली संधी’ त्या दारातच पातळ झाली. आजी म्हणाल्या, “बाहेर का उभ्या? बसा की.” मी आत जाऊन बसले.

३. ‘भाडेकरू’ हा एक शब्द आहे, पण त्या एका घरात त्याचे तीन अर्थ निघाले. वरच्या मजल्यावर गुजरीत दागिने घडवणारा एक कारागीर, त्याची बायको आणि दोन मुली. त्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला होता, पण दोन महिन्यांपूर्वी संपला होता. खालच्या डाव्या खोल्यांत शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारी दोन मुलं. त्यांच्याकडे फक्त नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद, आणि तोही बँकेची ६० दिवसांची नोटीस निघाल्यानंतरचा. उजवीकडे आजी, १९९१ पासून, तोंडी बोलीवर, महिना ३०० रुपये भाड्यानं. वकीलबाईंनी तिघांचं वेगवेगळं चित्र मांडलं. नोंदलेला लायसन्स करार मुदतीपुरता चालतो, मुदत संपल्यावर माणूस उठला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्या मुलांची बाजू सर्वांत कच्ची, कारण नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला मालमत्ता भाड्यानं देता येत नाही. आजींचं मात्र तसं नव्हतं. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यानं ज्यांना संरक्षण आहे त्यांना सरफेसीच्या जोरावर बाजूला सारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये विशाल कलसरिया प्रकरणात म्हटलं. पुढे २०१९ मध्ये बजरंग अगरवाल प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की वर्षापेक्षा जास्त मुदतीचा हक्क सांगायचा तर नोंदणीकृत दस्त हवा. या दोन निकालांच्या मध्ये आजींची खोली कुठे बसते, हे एखाद्या कोर्टातच ठरलं असतं. वकीलबाई म्हणाल्या, “आजी त्या घरात आहेत आणि राहणार आहेत, असं धरूनच आकडा काढा.” तो सल्ला मला आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत मोलाचा वाटतो.

४. कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं मला वाटत होतं. आजींनी ते पुसून टाकलं. त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. त्यात एका तारेत ओवलेल्या भाडेपावत्या होत्या. १९९१ पासूनच्या, गुलाबी, पिवळ्या, काही हळदीच्या डागांच्या. २००९ नंतर पावत्या नव्हत्या. जुने मालक गेले आणि त्यांच्या मुलानं पावती देणं बंद केलं. तेव्हापासून आजींनी दरवर्षीचं कालनिर्णय जपून ठेवलं होतं. प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेच्या चौकोनात बॉलपेननं ‘भाडं दिलं ३००’, शेजारी कधी ‘सिलिंडर आला’, कधी ‘डोळ्याचे डॉक्टर’. पंधरा वर्षांची कॅलेंडरं, एकावर एक, सुतळीनं बांधलेली. भाड्याची पावती देणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्यानंतरचे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकावरच टाकली आहे. असा करार नोंदवलेला नसेल तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ज्या पावत्या आजींकडे नव्हत्या त्या त्यांच्या चुकीनं नव्हत्या. बँकेच्या फायलीत या बाईचं नाव कुठेही नव्हतं, आणि घराचा सगळ्यात नीट ठेवलेला हिशोब तिच्याच फळीवर होता.

५. अनामत रकमेचा प्रश्न मला सुचलाच नव्हता, तो कारागिराच्या बायकोनं विचारला. “काकू, आमचे ५० हजार कुणाकडून घ्यायचे?” ती रक्कम त्यांनी जुन्या मालकाला दिली होती. दोन मुलांनी २० हजार दिले होते, आजींनी १९९१ मध्ये ५०० रुपये. मालक कर्जात बुडालेला. बँकेकडे ते पैसे कधी आलेच नव्हते, त्यामुळे बँक देणार नव्हती. लिलावाच्या एकाही कागदात त्यांचा उल्लेख नव्हता. घर जप्त होतं तेव्हा मालकाचं घर जातं हे सगळ्यांना दिसतं. ज्यानं एक दिवसही भाडं थकवलं नाही त्याची ठेव त्या घराबरोबर जाते, हे कुणाला दिसत नाही. ७० हजार ५०० रुपये. मी घरी येऊन वहीत ही रक्कम खरेदीच्या खर्चात धरली. हे म्हणाले, आपल्यावर ती कायद्यानं येते का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण ज्या घरात आपण मालक म्हणून जाणार तिथे पहिल्याच दिवशी त्या बाईला काय उत्तर द्यायचं ते मला ठरवायचं आहे. यावर हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी माझ्या वहीत त्या आकड्याखाली स्वतःच्या हातानं रेघ मारली.

६. कर्जदारही माणूस असतो, आणि त्याचा हक्क कधी संपतो हे माहीत करून घ्यावं लागतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर थकीत रक्कम भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे ठामपणे सांगितलं. तरी बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाण्याचा मार्ग त्याला असतो, आणि तिथे स्थगिती मिळाली तर आपले पैसे अडकतात. म्हणून न्यायाधिकरणात काही प्रलंबित आहे का, हे आम्ही बँकेला लेखी विचारलं आणि वकीलबाईंकडून वेगळं तपासून घेतलं. मालमत्ता पत्रक, शोध अहवाल, बोजाची नोंद हेही. या सगळ्यात एकदा त्या जुन्या मालकाशी गाठ पडली. तो आजींकडे आला होता, आईची एक पितळी समई खोलीत राहिली होती ती न्यायला. माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. मी बोलायला शब्द शोधत राहिले आणि तो निघून गेला. ज्या किमतीला आपण ‘चांगली’ म्हणतो ती कुणाच्या तरी पडझडीतून आलेली असते. घर घेणं त्यामुळे चूक ठरत नाही. पण त्यानंतर मी कुणाशी बोलताना त्या घराला ‘स्वस्तात मिळालं’ असं म्हटलेलं नाही.

७. बोलीचा आकडा लिलावाच्या दिवशी ठरवायचा नसतो. पहिल्या फेरीत आम्ही बोली लावली नाही, आमचा हिशोबच पुरा झाला नव्हता. इतर कुणीही लावली नाही, आतल्या माणसांमुळे. बँकेनं राखीव किंमत ३६ लाखांवर आणून पुन्हा सूचना काढली. तोपर्यंत माझी वही भरली होती. राखीव किमतीच्या १० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार इसारा आधी भरायचा. बोली मंजूर झाली की इसारा धरून एकूण २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के पंधरा दिवसांत. मुदत वाढली तरी लेखी संमतीनं, आणि जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. त्यावर मुद्रांक शुल्क, आमच्याकडे ६ टक्के, आणि नोंदणी फी ३० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असती तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याचं कामही आमच्यावर आलं असतं. घरफाळ्याची थकबाकी वेगळी. विजेची वेगळी, कारण नियमात तरतूद असेल तर जुनी वीजबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा निकाल २०२३ मध्येच आला होता. सगळं मांडून, अनामतीसकट, आम्ही ३८ लाखांवर थांबायचं ठरवलं. तो आकडा कागदावर लिहून मी संगणकाच्या कडेला चिकटवला. लिलाव ऑनलाइन, २५ हजारांच्या पायऱ्या, शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ पाच मिनिटांनी पुढे. समोर एकच बोलीदार होता. ३७ लाखांवर माझा हात थरथरला. ३७ लाख २५ हजारांवर समोरचा थांबला. तो थांबला नसता तर अजून तीन पायऱ्यांनंतर मी थांबले असते. त्या चिठ्ठीमुळे त्या तासात माझं डोकं ठिकाणावर राहिलं.

८. विक्री प्रमाणपत्र हातात आलं तरी घर आपलं व्हायचं बाकी असतं. बँकेनं विचारलं होतं, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आम्ही घर रिकामं करून घ्यायचं का? कायद्यात तो मार्ग आहे, पोलिसांच्या मदतीसह. आम्ही नको म्हटलं आणि भाडेकरूंसह ताबा घेतला, तसं पत्रात लिहून. मग एका रविवारी तिन्ही बिऱ्हाडांना आजींच्या खोलीत एकत्र बोलावलं. मी आदल्या रात्री बोलायचे मुद्दे लिहून काढले होते. प्रत्यक्षात पहिलंच वाक्य असं निघालं: “कुणालाही या महिन्यात, पुढच्या महिन्यात उठायला सांगणार नाही.” कारागिराची बायको भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. आठ महिने रोज रात्री ती मुलींची दप्तरं दाराजवळ भरून ठेवत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. एकदम कुणी आलं तर पुस्तकं राहू नयेत म्हणून. मी कायद्याचे इतके कागद वाचले, अनिश्चिततेचा असा अर्थ त्यात कुठेही लिहिलेला नव्हता. त्यांचा नवा करार महिन्याभरात नोंदवला, भाडं होतं तेच ठेवलं, ६ हजार ५००. मुलांचाही रीतसर करार केला, ४ हजारांचा. दोन्ही करारांत त्यांची जुनी अनामत आमच्याकडे जमा आहे असं लिहिलं. आजींशी करार करायचा नव्हता, त्या भाडेकरू होत्याच. भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ कायद्यानं घेता येते. ३०० रुपयांवर ती १२ रुपये होते. ती आम्ही घेतली नाही.

९. नुसता हिशोब पाहिला तर हे घर नफ्याचं नाही, आणि हे मला कुणापासून लपवायचं नाही. मुद्रांक, नोंदणी, थकबाकी आणि गळतं छप्पर मिळून ते आम्हाला ४२ लाखांना पडलं. भाडं महिना १० हजार ८००, म्हणजे वर्षाला १ लाख २९ हजार ६००. जेमतेम ३ टक्के. बँकेत मुदत ठेव ठेवली असती तर याच्या दुपटीनं व्याज आलं असतं. घराची किंमत वाढेल हे खरं, पण आजी असेपर्यंत आम्ही ते विकणार नाही. ज्यांना पहिल्या वर्षापासून भरघोस उत्पन्न हवं आहे, किंवा ज्यांनी कर्ज काढून हे करायचं ठरवलं आहे, त्यांनी माणसं राहत असलेल्या लिलावाच्या घरापासून लांब राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा दिवसांत ७५ टक्के भरायचे असतात आणि कर्ज मंजुरी तेवढ्या वेळात होईलच असं नाही. पैसा स्वतःचा असेल, वाट पाहण्याची ताकद असेल आणि आतल्या माणसांसकट घर स्वीकारायची तयारी असेल, तरच बोली लावावी. आम्हाला ते जमलं, कारण आकडा ठरवण्याआधी आम्ही त्या खोलीत बसून चहा प्यालो होतो.

१०. एवढं सगळं झाल्यावर कुणी सल्ला विचारला तर मी एकच सांगते. सूचना पाहिलीत, किंमत आवडली, तर बँकेला फोन करण्याआधी संध्याकाळी एकदा त्या घरी जा. घरात माणसं असतात अशा वेळी. आपण कोण हे खरं सांगा. किती वर्षं राहता, भाडं किती, अनामत किती, कागद कोणता, हे विचारा आणि ते जे सांगतील ते उतरवून घ्या. काही जण दार उघडणार नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. पण जे उघडतील त्यांच्याकडून तुम्हाला अशा गोष्टी कळतील ज्या कुठल्याही शोध अहवालात सापडत नाहीत, आणि तुमचा आकडा त्या एका संध्याकाळी बदलेल. आमचा बदलला.

आजी पहिल्यांदा मला भाडं द्यायला आल्या तेव्हा ३०० रुपये रुमालात बांधून आणले होते. मी मोजले नाहीत. त्या म्हणाल्या, “मोजून घ्या, आणि पावती तेवढी देत जावा.” त्याच दिवशी महाद्वार रोडवरून मी पावतीपुस्तक आणलं. पंधरा वर्षांनंतरची पहिली पावती आजींनी माझ्यासमोरच त्या जुन्या तारेत ओवली.